आड आलेला सह्याद्री, घरी आलेली ‘सह्याद्री’

मराठी दूरदर्शनचा इतिहास सांगण्याची एक रूढ रीत आहे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले, येथून कथेला आरंभ होतो. पुढे वरळीचा मनोरा, सायंकाळच्या बातम्या, ‘गजरा’, ‘चिमणराव’, रंगीत चित्रांचे आगमन असे टप्पे येतात आणि खाजगी वाहिन्यांच्या आगमनापाशी कथेला उतार लागतो. हा इतिहास खराच आहे. परंतु ज्यांच्या घरापर्यंत लहरी पोहोचल्या, त्यांचा तो इतिहास आहे. जोयडा तालुक्यात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांनी तोच इतिहास सांगावयाचा झाला, तर त्यातील तारखा बदलतात, क्रम बदलतो आणि ‘प्रादेशिक’ या शब्दाचा अर्थही तपासून पाहावा लागतो. एखादी भाषा बोलणारी माणसे जेथे राहतात तो तिचा प्रदेश, की प्रशासनाने तिच्यासाठी आखून दिलेली हद्द हा तिचा प्रदेश? दूरदर्शनने या प्रश्नाचे उत्तर आधी एक दिले आणि कालांतराने दुसरे दिले. या दोन उत्तरांमधील बावीस वर्षे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम भूमीची आठवण करून घेऊ. उत्तर कन्नड जिल्हा १८६२ साली मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, समाविष्ट झाला. मधली चौऱ्याण्णव वर्षे आपल्या तालुक्याचा राजकीय संबंध मुंबईशी होता. तालुक्याचे जुने नाव सुपा. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरचे ते ठाणे पुढे धरणाच्या पाण्याखाली गेले आणि जोयडा हे तालुक्याचे ठिकाण झाले. पश्चिमेस गोवा, उत्तरेस खानापूर, पूर्वेस हल्याळ आणि मधोमध सह्याद्रीचे दाट रान, अशा या मुलखात मराठी, कोंकणी आणि कानडी या तिन्ही भाषा शेजारधर्माने नांदत आल्या आहेत.

या रानात मराठी अक्षर सहज पोहोचत असे. बेळगावचे ‘तरुण भारत’ १९१९ पासून निघत होते. पुण्या-मुंबईची मासिके टपालाने येत. अक्षरामागून आवाज आला. आकाशवाणीचे धारवाड केंद्र १९५० मध्ये, पुणे केंद्र १९५३ मध्ये आणि सांगली केंद्र १९६३ मध्ये सुरू झाले. १९५५-५६ मध्ये पुणे केंद्रावरून गदिमा आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ वर्षभर प्रसारित होत होते, तेव्हा आपला तालुका मुंबई राज्यातच होता. त्याची अखेरची गीते ध्वनिक्षेपित झाली आणि त्यानंतर काही महिन्यांतच राज्याची सीमा बदलली. सीमा बदलली तरी आवाज मात्र थांबला नाही. नभोवाणीच्या मध्यम लहरी दिवसा जमिनीलगत दूरवर जातात आणि रात्री वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटरांवर उतरतात. त्यामुळे ‘आपली आवड’ किंवा नाट्यवाचन ऐकण्यासाठी श्रोत्याला आपले राज्य कोणते हे पाहावे लागत नसे. खरखर सोसण्याची तयारी असली की पुरे. अक्षर आले, आवाज आला; चित्र तेवढे आले नाही. त्याचे कारण समजून घेण्यासाठी दूरदर्शनच्या जन्माकडे वळले पाहिजे.

भारतातील दूरचित्रवाणीचा प्रयोग १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाला. आठवड्यातून दोन दिवस आणि तेही अल्पकाळ कार्यक्रम होत. मराठी वाचकांना अभिमानाची गोष्ट ही की, त्या आरंभीच्या खटपटीत पु. ल. देशपांडे सहभागी होते व या नव्या माध्यमाचे शिक्षण त्यांनी बीबीसीकडे घेतले होते. १९६५ पासून दिल्लीत दैनंदिन प्रसारण सुरू झाले. दुसरे केंद्र मिळण्यास मात्र १९७२ साल उजाडावे लागले आणि तो मान मुंबईला मिळाला. पाठोपाठ २ ऑक्टोबर १९७३ रोजी सिंहगडावरील सहक्षेपण केंद्र सुरू झाले आणि पुणे परिसराला मुंबईचे कार्यक्रम दिसू लागले.

मुंबई केंद्राने पहिल्या दशकात जे केले, त्याचे मोल आजही कमी वाटत नाही. नाटक, साहित्य, संगीत आणि शेती या चारही क्षेत्रांतील जाणती माणसे त्या केंद्राने जवळ केली. शेतकऱ्यांसाठी ‘आमची माती आमची माणसं’, लेखक-कलावंतांच्या भेटींसाठी ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, हलक्याफुलक्या विनोदासाठी विनायक चासकरांचा ‘गजरा’, लोकशिक्षणासाठी आकाशानंदांचे ‘ज्ञानदीप’ अशी ही मांडणी होती. ‘ज्ञानदीप’च्या प्रेक्षकांनी तर गावोगाव मंडळे स्थापन केली, कार्यक्रम पाहून लोक एकत्र यावेत आणि कामाला लागावेत, असे त्या काळी घडत होते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपाने पडद्यावर आले. भक्ती बर्वे, स्मिता पाटील, प्रदीप भिडे, अनंत भावे यांच्या वाणीतून बातम्यांची एक प्रमाण, तरीही घरगुती मराठी घडली.

या केंद्राचा आणखी एक विशेष येथे ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ते केवळ मराठीचे केंद्र नव्हते. हिंदी होतीच, शिवाय मुंबईत गुजराती भाषकांची वस्ती मोठी म्हणून गुजराती कार्यक्रमांनाही तेथे हक्काचा वेळ असे. म्हणजे प्रक्षेपणाच्या टापूत जी माणसे राहतात त्यांच्या भाषेला स्थान द्यावयाचे, हे तत्त्व मुंबईत प्रत्यक्ष आचरले जात होते. ते तत्त्व सीमाभागापर्यंत कसे पोहोचले नाही, हाच आपला प्रश्न आहे.

याचे पहिले कारण भौतिक होते, त्यात कोणाचा दोष नाही. दूरचित्रवाणीच्या लहरी मध्यम लहरींसारख्या वळत नाहीत. त्या जवळजवळ सरळ रेषेत जातात. तीनशे मीटर उंचीचा मनोरा धरला, तरी सपाट प्रदेशात त्याचे क्षितिज सुमारे सत्तर किलोमीटरांवर संपते. मुंबईपासून जोयडा सरळ रेषेत साडेचारशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. त्यात मध्ये सह्याद्रीचे कडे. डोंगराच्या पाठीशी लहरींची सावली पडते. माथ्यावर चित्र दिसावे आणि दरीत दिसू नये, असे होते. आपली बहुतेक वाड्यावस्ती दऱ्याखोऱ्यांत, ओढ्याकाठच्या भातशेतीलगत वसलेली. उंच बांबूला अँटेना बांधून ती कितीही फिरवली, तरी समोरचा डोंगर हटत नाही.

या अडचणीवरील उपायही फार लवकर सापडला होता, हे विशेष. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत थेट चित्रे उतरवण्याचा प्रयोग झाला. त्यात कर्नाटकातील विजापूर, गुलबर्गा व रायचूर हे जिल्हे होते. उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असल्याने डोंगर, दरी आणि राज्याची हद्द यांचा अडसर त्याला होत नाही, हे या प्रयोगाने सिद्ध झाले. प्रत्येक गटाला त्याच्या भाषेतील कार्यक्रम देता येतात, हेही दिसून आले. म्हणजे डोंगराआडच्या मराठी घराला मराठी चित्र दाखवण्याचे तंत्र १९७५ सालीच देशाच्या हाती आले होते. त्यापुढचा विलंब तंत्राचा नव्हता, धोरणाचा होता.

१ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले. १ नोव्हेंबर १९८१ रोजी बेंगळुरू केंद्र सुरू झाले. १५ ऑगस्ट १९८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम व रंगीत प्रसारण आले. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह अवकाशात गेला आणि त्याच्या आधारे देशभर अल्पशक्तीचे प्रक्षेपक उभारले जाऊ लागले. १९८४ मध्ये तर काही महिने जवळजवळ दररोज एक नवा प्रक्षेपक सुरू होत होता. शंभर वॅट शक्तीच्या या यंत्रांचा टापू पंधराएक किलोमीटरांचा असे. ती यंत्रे स्वतः कार्यक्रम करीत नसत. उपग्रहावरून दिल्लीचा कार्यक्रम घेऊन भोवताली सोडत. पुढे राज्याच्या राजधानीतील केंद्राचा प्रादेशिक कार्यक्रमही त्यांना उपग्रहामार्फत पुरवला जाऊ लागला. कोणत्या यंत्राने कोणता प्रादेशिक कार्यक्रम घ्यावयाचा हे ठरवताना राज्याची हद्द प्रमाण मानली गेली. महाराष्ट्रातील यंत्राने मुंबई घ्यावी, कर्नाटकातील यंत्राने बेंगळुरू घ्यावे. प्रशासनाच्या सोयीचा हा नियम होता आणि बहुसंख्य प्रेक्षकांच्या दृष्टीने तो योग्यही होता. परंतु सीमेवरच्या घरांना त्याने एका विचित्र अवस्थेत टाकले. उपग्रहाला सीमा माहीत नव्हती. सीमा जमिनीवरच्या यंत्राला शिकवण्यात आली.

परिणामी सीमेलगतच्या ज्या मराठी घरांत संच आला, त्यांत ‘हम लोग’ आले, १९८७ च्या जानेवारीपासून दर रविवारी ‘रामायण’ आले, पुढे ‘महाभारत’ आले. कानडी बातम्या, नाटके आणि चित्रपटगीते आली. हे सारे लाभच होते, हे मनमोकळेपणाने म्हटले पाहिजे. आपल्या मुलांची हिंदी त्याने सुधारली. कानडीशी त्यांचा परिचय शाळेपलीकडे गेला आणि ज्या राज्यात राहावयाचे, शिकावयाचे, नोकरी करावयाची त्या राज्याच्या जीवनाशी नाते जुळले. तक्रार एवढीच की, या भरल्या ताटात स्वतःच्या भाषेचा घास नव्हता. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत दूरचित्रवाणी संचासाठी टपाल कचेरीत परवाना शुल्क भरावे लागे. ते शुल्क पुण्याच्या घरालाही तेच आणि जोयड्याच्या घरालाही तेच. पडद्यावर भाषा मात्र एकाला लाभे, दुसऱ्याला नाही.

याच काळातील दुसरा विरोधाभास विजेचा. काळी नदीवरील जलविद्युत प्रकल्पाने ही दशके आपल्या तालुक्यात खोलवर उमटली आहेत. १०१ मीटर उंचीचे सुपा धरण १९८७ च्या सुमारास पूर्ण झाले. बुडिताखालील गावांतील माणसे रामनगर व अन्यत्र जाऊन वसली. गणेशगुडीच्या व अंबिकानगरच्या वीजगृहांतून राज्याला वीज जाऊ लागली. रानातील कित्येक वाड्यांत मात्र त्यानंतरही दीर्घकाळ कंदीलच होता. दूरचित्रवाणीचा प्रादेशिक इतिहास लिहिताना मनोरे आणि उपग्रह यांचा उल्लेख होतो. पण संच चालवण्यास आधी तार लागते, ही साधी गोष्ट राहून जाते. ज्या खोऱ्याने वीज दिली त्या खोऱ्यातील काही घरांनी नभोवाणीच्या बॅटरीवरच मराठी ऐकत आणखी काही वर्षे काढली.

१५ ऑगस्ट १९९४ रोजी चित्र पालटले. त्या दिवशी प्रादेशिक भाषांतील उपग्रह वाहिन्यांबरोबर दूरदर्शनची मराठी उपग्रह वाहिनीही सुरू झाली. आता मुंबईचा कार्यक्रम जमिनीवरील यंत्रांच्या साखळीवर अवलंबून राहिला नाही. तो आकाशातून साऱ्या देशावर एकदम उतरू लागला. मोठी तबकडी आणि केबलचालक यांची गरज होती, हे खरे. म्हणून गावठाणाला ती आधी लाभली, वाडीला उशिरा. शिवाय नियमांत जुनी सवय शिल्लक होती. केबल कायद्यात २००० साली झालेल्या दुरुस्तीने केबलचालकाला दूरदर्शनच्या दोन वाहिन्या आणि राज्याच्या प्रादेशिक भाषेची एक वाहिनी दाखवणे बंधनकारक केले. ‘राज्याच्या’ हा शब्द येथेही आलाच. मराठी वाहिनी दाखवावी की नाही, हे सीमाभागात चालकाच्या मर्जीवर आणि ग्राहकांच्या आग्रहावर राहिले.

एप्रिल २००० मध्ये या वाहिनीचे नामकरण ‘सह्याद्री’ असे झाले. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात महाराष्ट्राचा मानबिंदू असणार. परंतु जोयड्याच्या वाचकाला त्यात वेगळाच अर्थ दिसतो. सह्याद्री महाराष्ट्रात संपत नाही. तो गोव्याच्या पाठीशी उभा आहे, आपल्या तालुक्यातून जातो आणि पुढे केरळपर्यंत उतरतो. ज्या पर्वताने बावीस वर्षे मराठी चित्र अडवले, त्याच पर्वताचे नाव धारण करून ते चित्र आपल्या घरी आले. राज्यापुरते न उरणारे नाव राज्याच्या वाहिनीने घेतले, हे आपल्या दृष्टीने शुभच घडले.

खरा सर्वदूर प्रवेश मात्र १६ डिसेंबर २००४ नंतरचा. त्या दिवशी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते दूरदर्शनची ‘डीडी डायरेक्ट प्लस’ ही थेट घरी उतरणारी सेवा सुरू झाली. आरंभी तीत ३३ वाहिन्या होत्या. पुढे ती ‘फ्री डिश’ या नावाने ओळखली जाऊ लागली. छपरावर बसणारी लहान तबकडी, एकदाच करावयाचा खर्च आणि मासिक वर्गणी नाही, अशी ही योजना. केबलची तार जेथे कधीच जाणार नव्हती अशा रानातील घरालाही आता मोकळे आकाश आणि वीज एवढे पुरेसे झाले. केबलचालकाची मर्जी संपली, राज्याची हद्द संपली. तबकडी आकाशाकडे वळवली की ‘चंदना’ आणि ‘सह्याद्री’ या दोन्ही वाहिन्या एकाच खांबावरून घरात येऊ लागल्या. सीमाभागातील बहुभाषक घराला यापेक्षा उचित व्यवस्था कोणती असू शकेल?

तथापि हा सुखान्त पूर्ण म्हणता येत नाही. वाहिनी आली, पण काळ निघून गेला होता. मुंबई केंद्राचे ज्याला सुवर्णयुग म्हणतात ते सत्तरचे आणि ऐंशीचे दशक आपल्याकडे आलेच नाही. महाराष्ट्रातील पन्नाशी-साठीच्या माणसांना ‘गजरा’ म्हटले की जे आठवते, ते आपल्या त्याच वयाच्या माणसांच्या स्मृतीत नाही. चिमणराव आपल्याला पुस्तकातून ठाऊक आहे, प्रभावळकरांच्या चेहऱ्याने नव्हे. एकच भाषा बोलणाऱ्या दोन गटांच्या सामायिक आठवणींत अशी फट पडली. १९९४ नंतर आपण त्या वाहिनीशी जोडले गेलो, तोवर प्रेक्षक विखुरले होते. १९९९ मध्ये ‘अल्फा मराठी’ आणि २००० मध्ये ‘ई टीव्ही मराठी’ आल्यावर तर सार्वजनिक वाहिनी अनेकांतील एक झाली. मागे वळून जुने कार्यक्रम पाहावे म्हटले, तर चित्रफिती महाग असल्याने त्या काळी एकाच फितीवर पुनःपुन्हा मुद्रण होई व आधीचे पुसले जाई. जे वाचले त्यातील काही आज दूरदर्शनच्या संग्रहातून पुन्हा पाहावयास मिळते. पुष्कळसे केवळ नावाने उरले आहे.

मग या इतिहासातून काय हाती येते? १९९० च्या प्रसार भारती कायद्याने देशाच्या विविध प्रदेशांतील संस्कृती व भाषा यांना पुरेसे स्थान देणे, अल्पसंख्य व आदिवासी समाजांच्या गरजा ध्यानी घेऊन कार्यक्रम करणे, ही सार्वजनिक प्रसारकाची कर्तव्ये म्हणून नोंदवली आहेत. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय दिला. या दोन गोष्टी एकत्र वाचल्या, तर सीमेवरच्या माणसाचा आपल्या भाषेवरील हक्क हा शेजारच्या राज्याने केलेला उपकार ठरत नाही आणि राहत्या राज्याशी केलेली प्रतारणाही ठरत नाही. तो नागरिकाचा साधा हक्क आहे. हा हक्क मराठीचा जितका, तितकाच सोलापूर-अक्कलकोटकडील कानडी घरांचाही आहे. २०१९ मध्ये पणजीची वाहिनीही फ्री डिशवर आल्याने कोंकणी बोलणाऱ्या आपल्या शेजाऱ्यांनाही तो काही अंशी लाभला, ही समाधानाची बाब होय.

ज्या जमिनीवरील प्रक्षेपकांनी एकेकाळी आपली भाषा ठरवली, ते २०२१-२२ च्या सुमारास देशभर जवळजवळ सर्वत्र बंद झाले. आता त्यांचे मनोरे गंजतील, खोल्यांना कुलपे लागतील आणि कोणत्या वाडीत पहिला संच केव्हा आला, अँटेना कोणत्या टेकडीवर नेऊन बांधली होती, पहिले मराठी चित्र कोणत्या वर्षी दिसले, हे सांगणारी माणसेही वयाने थकत चालली आहेत. मुंबईचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. आपल्या खोऱ्यातील या माध्यमाचा इतिहास कोणत्याही संग्रहात नाही. म्हणून मंडळाच्या सभासदांना एक विनंती आहे. आपापल्या घरातील वडीलधाऱ्यांकडून ही माहिती विचारून घ्यावी, वर्ष व गाव यांसह ती लिहून ठेवावी. जुने परवाने, संचाच्या पावत्या, छायाचित्रे कोणाकडे असतील तर त्यांची प्रत मंडळाकडे द्यावी. पुढील एखाद्या अंकात या सर्व नोंदी एकत्र छापता आल्या, तर या लेखात राहून गेलेला खोऱ्याचा स्वतःचा भाग त्यातून भरून निघेल.